कमानीच्या टेकूचा दगड

ती घटना माझ्या डोळ्यांपुढून आजही हलत नाही. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकं फुटून टाके पडले. पण कोणी 'साहेब, एखादी केस सांगा ना' म्हटलं की मला आठवतं ते यवतमाळ जिल्ह्यातलं एक पडलेलं देऊळ. ऐकणाऱ्याचा हिरमोड होतो, कारण यात पिस्तूल नाही, पाठलाग नाही. ज्याला ते हवं असेल त्याने सिनेमा बघावा.

कळंबच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा मी ठाणेदार होतो. कपाशीची वाईट वर्षं होती ती. आमच्या स्टेशन डायरीतली सकाळची पहिली नोंद बहुतेक मर्गाची, म्हणजे आकस्मिक मृत्यूची असायची. फवारणीचं औषध. हवालदार फोन उचलायचा, गावाचं नाव विचारायचा आणि बोलता बोलताच कागदाला कार्बन लावायला घ्यायचा, इतकं ते अंगवळणी पडलं होतं. मोठ्या शहरांतून वर्तमानपत्रांची माणसं यायची, फोटो काढायची, चहा पिऊन जायची. आम्ही पंचनामे लिहायचो.

त्या दिवशी दुपारी पोलीस पाटलाचा फोन आला. "सायेब, देऊळ पडलं. गुरुजी आत होते."

कोणतं देऊळ, हे मला विचारावं लागलं. त्या गावात ख्रिस्ती मंडळींची बरीच घरं आहेत, आणि ते आपल्या चर्चला देऊळच म्हणतात. गुरुजी म्हणजे मिशनच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर. पाळक, म्हणजे त्यांचा धर्मगुरू, महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा. बाकी सगळा कारभार गुरुजींच्या हातात. आमचे हवालदार तांड्यातले, बंजारा समाजाचे. भागातलं सगळं त्यांना माहीत. जीपमध्ये बसताना म्हणाले, "सायेब, ते देऊळ पडाचं नाही. तोफ लावली तरी पडाचं नाही. काहीतरी घोटाळा हाये."

आणि खरंच, ते बांधकाम बघितलेल्या माणसाला ते पडेल असं वाटलंच नसतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका गोऱ्या पाद्र्याने ते बांधून घेतलं. त्याच्या मुलुखात खेड्यांतून अशी फार जुनी देवळं असतात म्हणे, त्यातलं लहानपणी पाहिलेलं एक त्याने मनात ठेवलं आणि इथल्या टेकडीचा काळा दगड फोडून उभं केलं. दीड हात जाडीच्या भिंती. खिडक्या उंचावर आणि अरुंद, डोक्यावर गोल. दाराला एकात एक बसवलेल्या गोल कमानी. वेदीमागची भिंत अर्ध्या वर्तुळात वळलेली. आतमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडव्या गोल दगडी कमानी टाकलेल्या, त्यांच्यावर सागाची लाकडं आणि वर आपली साधी कवेलू, म्हणजे कौलं. दारावर चौकोनी मनोरा, त्यात घंटा. मे महिन्यात बाहेर अंग भाजून निघायचं आणि आत पाऊल टाकलं की गारवा. मी पूर्वी बंदोबस्ताला गेलो होतो तेव्हा दहा मिनिटं जास्तच बसलो होतो आत. मला देवाधर्माचं फारसं नाही, पण ती जागा मनाला शांत करायची हे खरं.

आता वेदीजवळची कमान खाली आली होती आणि तिच्यासोबत उत्तरेची भिंत बाहेरच्या बाजूला लवंडली होती. गुरुजी दगडांखाली होते. हंगामाचा सण जवळ आला होता. त्या दिवशी मंडळी शेतातला पहिला माल वेदीपुढे आणून ठेवतात, तिकडे बहुतेक कापूसच. त्यासाठी ते जागा झाडायला एकटे आत गेले होते. बाकी गाव वेचणीला वावरात. धुरळा बसल्यावर लोक धावले, पण काही उरलं नव्हतं. मी इन्क्वेस्ट पंचनामा केला, मर्ग दाखल केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. गुरुजींची बायको एका बाजूला बाभळीखाली उभी होती. गाव तिला मोठी माय म्हणायचं. ती रडत नव्हती. तिच्याभोवती चारपाच बायका होत्या, त्याही रडत नव्हत्या. ते मला जरा वेगळं वाटलं, पण दुःखाचं असं काही ठरलेलं नसतं. मी छाती बडवून घेणारे खुनीही पाहिले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधकाम खात्याचा इंजिनिअर आला. सरकारी इंजिनिअर म्हणजे अहवाल पुढच्या वर्षी, असा माझा अनुभव. हा पोरगेला होता, पण कामाचा निघाला. सरळ मागच्या बाजूला गेला, तरोट्याची आणि सीताफळाची झुडपं बाजूला केली आणि मला हाक मारली.

या देवळाला बाहेरून ठिकठिकाणी दगडी टेकू दिलेले होते. भिंतीला चिकटून उभे, खाली रुंद, वर निमुळते. जिथे आत कमान, तिथे बाहेर टेकू. वेदीजवळच्या कमानीचा टेकू मागे, झुडपांत लपलेला. आणि तो अर्ध्याहून खाली गेला होता. पडून नव्हे. कोणीतरी वरून एकेक दगड काढत आलं होतं.

"कमान म्हणजे पाय फाकवून उभा राहिलेला माणूस समजा," इंजिनिअर म्हणाला. "गुळगुळीत फरशीवर तसं उभं राहिलात तर पाय आणखी फाकत जातात. कोणीतरी बाहेरून पाय अडवून धरायला लागतो. हा टेकू तेवढ्यासाठी होता. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळात असं नाही, तिथे वजन सरळ खाली जातं. म्हणून आपल्या लोकांना टेकू म्हणजे उगाच लावलेला दगड वाटतो."

पोलीस पाटील मान हलवत म्हणाला, "होय ना जी. आमी त्याले उरलेला मालच म्हनतो. साहेबाचे दगड उरले अन् त्यानं भिंतीशी रचून ठेवले, असं माह्या आजा सांगे."

सगळ्या गावाची तीच समजूत होती. शंभर वर्षांत कोणी तो टेकू कशाला आहे हे विचारलं नव्हतं. मातीच्या घराची भिंत खाली बसते, बाहेर सरकत नाही. मग भिंतीला बाहेरून धरायचं कशाला?

मी विचारलं, "एवढे दगड गेल्यावर लगेच पडायला हवं होतं ना?"

"वरचे गेले तोवर निभावलं," तो म्हणाला. "अजून पन्नास वर्षं उभं राहिलं असतं. हा शेवटचा बघा, छातीच्या उंचीचा. चुन्याची खूण ताजी आहे, याच पावसाळ्यातली. कमानीचा जोर बरोबर इथे येत होता. हा गेला आणि भिंत मोकळी झाली. मग काळी माती भिजली, फुगली, सुकली. या एका दगडाने घात केला."

तो हे मोठ्याने बोलला. आजूबाजूला गाव उभं होतं. त्याचा जबाब मी तिथेच नोंदवून सही घेतली.

म्हणजे आता हा मर्ग राहिला नाही. कोणीतरी मुद्दाम दगड काढले होते आणि माणूस मेला होता. दुपारपर्यंत खबर आली. आमचा एक पानटपरीवाला होता, चुना लावता लावता निम्म्या तालुक्याची बातमी ठेवायचा. त्याने सांगितलं की चर्चच्या मंडळीतच दोन तट आहेत. गुरुजींना जुनं देऊळ ठेवायचं होतं. दुसऱ्या तटाला ते पाडून सिमेंटचं, स्लॅबचं, रंगवलेलं नवं हवं होतं. त्यांचा म्होरक्या म्हणजे गावातलाच सेंट्रिंगचं काम घेणारा ठेकेदार. आठ-पंधरा दिवसांपूर्वी उपासनेनंतर सगळ्यांदेखत तो गुरुजींना म्हणाला होता, "तुमी अन् हे देऊळ, दोघं गेल्याबिगर या गावात नवं काही होत नाही." शिवाय तो सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन देवळामागे जाताना दिसला होता.

तोंडातून असले शब्द गेले की माणसाचं नशीब त्याच्या हातात राहत नाही. दुपारी गुरुजींना माती दिली, तेव्हा मी बंदोबस्ताला होतो. दोन्ही तटांचे लोक एकमेकांकडे बघत नव्हते. घंटा वाजवता आली नाही, मनोऱ्याचा भरवसा नव्हता. दफनभूमी देवळाच्या आवारातच, दगडी कुंपणाच्या आत. माती टाकून झाल्यावर लोक परतले. मोठी माय मात्र कुंपणाच्या मागच्या फटीतून बाहेर गेली आणि तिच्या मागे त्या बायका. मला वाटलं, म्हातारीला गर्दी सहन होत नसेल. संध्याकाळी आम्ही ठेकेदाराला उचललं. त्याच्या ट्रॅक्टरवर सब्बल होती आणि तिला चुना लागलेला होता.

ठाण्यात बसवल्यावर आधी दोन तास तो फक्त ओरडला. मी ओरडू दिलं. ओरडणारा माणूस दमतो, आणि दमल्यावर बरं बोलतो. चहा पाजून मी विचारलं, "सब्बल कशाला नेली होती देवळामागे?"

"पाया पाहाले गेलतो. नव्या देवळाचा अंदाज काढाचा होता. खड्डा खंदला, पाह्यलं, बुजवला."

"आणि टेकूचे दगड?"

"मी कायले काढीन जी? कमिटीत ठराव होत होता. पुढच्या सालात पाडाचंच होतं. जे सरळ हातात येऊन राह्यलं, त्याच्यासाठी मी मानूस मारीन काय?"

"पाडायचा खर्च वाचला असता."

त्याच्यातला ठेकेदार जागा झाला. "सायेब, मले एक सांगा. पडलं त्याचा खर्च वाचला, ठीक. पन काढलेले दगड कोठी हायेत? माह्या अंगनात नाहीत. माह्या साइटवर नाहीत. इटा अन् सिमिटच्या जमान्यात हा काया दगड कोनी फुकट नेत नाही. एक दगड उचलाले दोन मानसं लागते. ज्याले किंमत नाही, ते एवढं वजन उचलून कोन नेईन?"

प्रश्न रास्त होता. तरी पुरावा त्याच्या अंगावर येत होता. धमकी, सब्बल, चुना, ठिकाण. मी अटक दाखवली, रात्रीच मॅजिस्ट्रेटपुढे उभं करून पोलीस कोठडी घेतली. गुन्हा मनुष्यवधाचा. त्याची बायको डबा घेऊन ठाण्याच्या व्हरांड्यात येऊन बसली आणि बसूनच राहिली. हवालदाराने दोनदा जा म्हटलं. ती म्हणाली, "मी तुमाले काही मागून राह्यली काय? बसू द्या."

सकाळी मी हवालदारांना घेऊन पुन्हा गावात गेलो. दगड शोधायचे. विहिरी पाहिल्या, गोठे पाहिले, ठेकेदाराची चालू कामं पाहिली. काही नाही. शेवटी आम्ही देवळाच्या मागच्या फटीतून बाहेर आलो. कुंपण आणि शेजाऱ्याचं वावर यांच्यामध्ये एक पडीक पट्टी होती. हवालदार पुढे होते, ते थांबले आणि त्यांनी पायातली चप्पल काढली.

तिथे कबरी होत्या. मातीचे उंचवटे, काही तर जमिनीला लागलेले. आणि प्रत्येकाच्या डोक्याशी एक काळा घडीव दगड. टाकीचे घाव देवळाच्या भिंतीवर होते तेच. मी एक दगड कलता करून पाहिला. पालथ्या बाजूला जुना चुना होता.

पोलीस पाटलाला बोलावलं. विचारलं, हे कोण? तो जमिनीकडे बघत म्हणाला, "फवारणीचे, सायेब."

औषध घेऊन गेलेली माणसं. त्या पाद्र्याने घालून दिलेला नियम होता की ज्याने स्वतःचा जीव घेतला त्याला कुंपणाच्या आत जागा नाही, त्याच्यासाठी घंटा नाही, त्याच्या डोक्याशी दगड नाही. पाद्री गेला, मिशन गेलं, नियम राहिला. शंभर वर्षांत तो एकदोनदा लागला असेल. त्या चारपाच वर्षांत मात्र पट्टी भरत आली होती. आणि तो नियम सांभाळणारे होते गुरुजी.

"हा कोनाचा?" हवालदारांनी सगळ्यात कडेच्या कबरीकडे बोट दाखवलं. बाकीच्या दगडांवर पावसाची राप चढली होती, हा स्वच्छ होता.

"गुरुजीचा पोरगा," पोलीस पाटील म्हणाला. "दोन साल झाले. गुरुजीनं सोता सांगतलं, नियम माह्यासाठी बदलनार नाही. अन् सोता इकडं आनून पुरला."

मला गुरुजींचा राग आला. खरं सांगतो, मेलेल्या माणसाचा आला. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, ज्याने आपल्या एकुलत्या एका पोराला कुंपणाबाहेर पुरलं त्याला मी आणखी काय शिक्षा देणार.

शाळेच्या ओट्यावर त्या बायकांना बोलावलं. सोबत महिला शिपाई होती. एकीचा नवरा, एकीचा भाऊ, एकीचा मुलगा त्या पट्टीत होता. मी प्रत्येकीला वेगळं विचारलं. दगड कोणी आणला? "मले माईत नाही." कधी आणला? "मले माईत नाही." आवाज नाही, डोळ्यांत पाणी नाही, भीतीही नाही. परतताना हवालदार म्हणाले, "सायेब, खोटं बोलनारे वेगवेगळं बोलतेत. या सगळ्या एकच बोलून राह्यल्या. या कोनालेतरी झाकून राह्यल्या."

मी त्या बायकांना निघताना एवढंच सांगितलं होतं की ठेकेदार मनुष्यवधात जातोय, त्याची बायको व्हरांड्यात बसली आहे, पोरं लहान आहेत. दमदाटी केली नाही. ज्या बायकांनी असलं वजन ओढलं त्यांना मी काय दम देणार?

पुढच्या दिवशी सकाळची हजेरी चालू होती. एसटी थांबली आणि मोठी माय एकटीच उतरली. व्हरांड्यात आली, ठेकेदाराच्या बायकोशेजारी बाकावर बसली. थोड्या वेळाने मोठ्या मायने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उठून आत आली.

"लिहा," ती म्हणाली. "दगड म्या काढला."

मी महिला शिपायाला बोलावलं, पाणी दिलं, खुर्ची दिली. तिने पाणी घेतलं नाही.

"कोणता दगड, मावशी?"

"शेवटचा. छातीएवढ्यावरचा. लेकासाठी." ती थांबली. "बाकीच्या बायांनी आपापल्या मानसाले पहिलेच नेले होते. मले मालूम होतं. गुरुजीले मालूम नव्हतं, ते मागं कधी जात नव्हते. मी दोन साल धीर धरला. म्हटलं, त्याईनं शब्द देल्ला मंडळीले, मी कायले मोडू? मंग यंदा उन्हायात शेजाऱ्यानं वावर वखरलं. त्याचा वखर दरसाली हातभर इकडं येते. माती बसली का उंचवटा राहत नाही, मंग त्याले काय दिसन? पोराच्या पायावरून गेला वखर. मी पाह्यलं."

"साधा दगड ठेवायचा होता."

"ठेवला होता ना. बांधावर फेकून देल्ला. वावरातला दगड कोनीबी फेकते. देवळाच्या दगडाले हात लावाले मानूस भेते. दगड दिसला का वखर वळते." आणि मग तिने जे म्हटलं ते मी जबाबात शब्द न बदलता घेतलं आहे. "आमच्या मानसाईले आत नेऊ देल्लं नाही, सायेब. मंग आतलं त्याईच्याकडं नेलं."

महिला शिपाई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मी म्हणालो, "मावशी, तो दगड तुमच्या एकटीने हलणारा नाही. मदतीला कोण होतं?"

"सब्बलीनं ढिला केला, गोनपाटावर पाडला, वढत नेला. दिवस गेला. गुरुजी यवतमायले गेलते. कोनी नव्हतं."

हे खोटं होतं आणि आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं.

"आणि बाकीचे दगड? त्यांचाही गुन्हा होतो. टेकू सगळ्यांनी मिळून—"

"नाही होत." तिने मला मधेच तोडलं. मास्तराची बायको होती ती. "तुमच्या इंजिनेरानं सांगतलं, मी तठीच उभी होती. वरचे गेले तवर देऊळ उभंच होतं. पन्नास साल राह्यलं असतं, असं म्हनला तो. मंग त्या बायांचा काय गुन्हा? एका दगडानं घात केला म्हनला. तो एक माह्या होता. तेवढाच लिहा."

मी पेन खाली ठेवलं. दोन दिवस ती बाई त्या एका वाक्याशी बसली होती. नवऱ्याला माती देताना, घरी आलेल्या माणसांना चहा करताना. त्या वाक्याने तिला ठार केलं होतं, आणि त्याच वाक्यातून तिने बाकीच्या बायकांना सोडवायची वाट शोधली होती.

"मावशी," मी म्हणालो, "इंजिनिअर काही देव नाही. कोणत्या दगडाने पडलं हे नक्की कोणी सांगू शकत नाही."

"सांगता येते, सायेब," ती म्हणाली. "तुमी चांगले हा, म्हनून तसं म्हनून राह्यले. लिहा."

मी लिहिलं. ठेकेदाराला सोडण्याचा अहवाल त्याच दिवशी कोर्टात पाठवला. तिच्यावर निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा, कलम तीनशे चार अ, जामिनाचा. अटक दाखवून लगेच जामिनावर सोडलं. संध्याकाळी कोर्टाचा आदेश आला आणि ठेकेदार बाहेर आला. त्याला कळलं होतं सगळं. आपल्या बायकोला तो म्हणाला, तू एसटीनं ये. आणि मोठ्या मायला त्याने मोटारसायकलवर मागे बसवलं. मेलेल्या गुरुजींची बायको आणि त्यांच्या खुनाचा कालपर्यंतचा आरोपी एका गाडीवरून गावाकडे गेले. गेटवरचा शिपाई बघतच राहिला.

आता मुद्देमाल जप्त करणं आलं. इंजिनिअरचा जबाब आणि आरोपीचं निवेदन, दोन्हींत देऊळ पाडणारा दगड एकच होता. मी एकच जप्त केला. बाकीचे दगड कुठे गेले हे कागदावर नाही, आणि वरिष्ठांनी विचारलं असतं तर मी वाद घातला असता. तो दगड आम्ही पोराच्या डोक्यापासून उचलला तेव्हा सगळ्या बायका पट्टीच्या कडेला रांगेने उभ्या होत्या. मोठ्या मायने पदराने त्यावरची माती पुसली, जणू परगावी जाणाऱ्या पोराचं तोंड पुसावं. मग बाजूला झाली. हवालदारांनी चिठ्ठी बांधली, लाख लावली. जीपमध्ये चढवताना चार शिपाई लागले. त्यांच्यापैकी कोणी 'एकटीने कसा नेला' असं म्हणालं नाही.

कोर्टात तिने गुन्हा कबूल केला. वकील नको म्हणाली. न्यायाधीशांनी दोनदा समजावून विचारलं, तिने दोनदा होय म्हटलं. शिक्षा झाली ती कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची आणि थोड्या दंडाची. दंड ठेकेदाराने भरला. ती दिवसभर बाकावर ताठ बसून होती. कोर्ट उठलं, शिरस्तेदार म्हणाला, "आजी, जा आता घरी." तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "एवढीच?" नोकरीभर मी शिक्षा कमी व्हावी म्हणून पाया पडणारी माणसं पाहिली. कमी झाली म्हणून हिरमुसलेली ती एकच.

दगड मालकाला परत, असा आदेश झाला. मालक म्हणजे मंडळी. मंडळीने देऊळ उतरवून घेतलं आणि स्लॅबचं नवं बांधलं. गोल दार गेलं, अर्धगोल भिंत गेली, तो गारवा गेला. चिठ्ठी बांधलेल्या दगडासकट सगळा जुना दगड कमिटीने नव्या देवळाच्या पायात भरला. नियम कोणी बदलला नाही, बदलण्याचा विषयही कोणी काढला नाही. मी पोलीस पाटलाला म्हटलं, शेजाऱ्याला समज द्या. त्याने दिलीही. पण माझी बदलीची ऑर्डर आली, आणि खेड्यात पोलिसाची समज पोलिसाच्या बदलीसोबत जाते.

पुढच्या उन्हाळ्यात एका साक्षीसाठी यवतमाळला जाताना मी मुद्दाम त्या गावावरून जीप घेतली. वखरणीचे दिवस होते. पट्टीत दगड उभे होते, तेवढ्या जागा वखराने सोडल्या होत्या. कडेच्या बिनदगडाच्या जागेवर मोठी माय भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन बसली होती. शेजाऱ्याची बैलजोडी तिच्याजवळ आली, त्याने कासरा ओढला, बैल वळले, वखर तिला वळसा घालून गेला. ती हलली नाही. पोलीस पाटील म्हणाला, "वखर सुरू झाला का येते, अन् तो आटपला का जाते. दरसाली येईन म्हनते."

तेव्हापासून हाताखालच्या पोरांना मी एक सांगत आलो. माल हस्तगत केला, चिठ्ठी लावली, केस निकाली निघाली, की एकदा त्या जागेवर परत जाऊन या. तो माल तिथे जे काम करत होता, ते आता कोण करतंय ते बघा.